पूर, घर आणि विमा: कृष्णा-पंचगंगाकाठच्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

शिरोळ, हातकणंगले, करवीर, मिरज, पलूस, वाळवा या तालुक्यांत नदीकाठी ज्यांचं स्वतःचं घर आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं. मी स्वतः शिरोळ तालुक्यातला. विम्याबद्दल लोक वर्षातून दोनदा विचारतात. एकदा जुलैत, पाणी पात्राबाहेर पडलं की, आणि दुसऱ्यांदा सप्टेंबरात, मदतीच्या यादीत नाव नाही हे कळलं की. दोन्ही वेळा उत्तर देऊन उपयोग नसतो. हे गुढीपाडव्याच्या सुमारास वाचावं.

आमच्या घरात २००५ ला पाणी आलं नव्हतं. मग काळजी कशाला?

२०१९ मध्ये सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं केलं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी २००५ चं पाणी ५४ फुटांच्या आसपास थांबलं होतं. २०१९ ला ते ५७ फुटांच्या पुढे गेलं. तीन फूट म्हणजे फार नाही असं वाटतं, पण आपला मुलूख सपाट आहे. इथे तीन फूट चढलेलं पाणी आडवं पसरतं आणि ज्या गल्ल्यांनी नदी फक्त लांबून पाहिली होती त्यांच्या उंबऱ्याला लागतं. कितीतरी घरांनी ज्वारीची पोती, शिलाई मशीन, टीव्ही २००५ च्या खुणेच्या हातभर वर रचून ठेवलं आणि छावणीत गेली. परत आली तेव्हा खूण कुठे होती हेही दिसत नव्हतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर २०२१ चं पाणी २०१९ पेक्षाही वर गेलं, सांगलीत मात्र २०२१ ला ते २०१९ पेक्षा खाली राहिलं. म्हणजे ‘सगळ्यात मोठा पूर कोणता’ याचं उत्तर पंचगंगेकाठी वेगळं आणि कृष्णेकाठी वेगळं. पाहुण्याच्या गावचा अनुभव आपल्या घराला लावू नका. भिंतीवरची खूण ‘पाणी इथपर्यंत येऊ शकतं’ एवढंच सांगते. याच्या वर येणार नाही, असं ती कधीच सांगत नाही.

पूर नेमका येतो कुठून? आलमट्टी धरणामुळेच ना?

नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून हा प्रश्न सुटत नाही. चावडीवर यावरून भांडणं होतात म्हणून जरा सविस्तर.

पाणी घाटातून येतं. गगनबावडा, राधानगरी, चांदोली, कोयना, महाबळेश्वर इथे पाऊस धो धो कोसळतो, तेव्हा शिरोळात ऊनसुद्धा असू शकतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन पंचगंगा कोल्हापूरवरून खाली येते. वारणा हरिपूरला कृष्णेत मिसळते, पंचगंगा नृसिंहवाडीला. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), वारणेची सुमारे ३४. धरणं जुलैअखेरीलाच भरलेली असली आणि वरून पाऊस थांबत नसला, तर आलेलं पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे तर कुणाची परवानगी न घेता पातळी वाढली की आपोआप उघडतात आणि प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सुटतं.

मग फुगवटा. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढे सरकायला जागा मिळत नाही. ती मागे तुंबते आणि शिरढोण, तेरवाड, कुरुंदवाडच्या रानांत पसरते. राजापूर, खिद्रापूर या टोकाच्या गावांची अडचण त्याहून वाईट. तिथे वरचं सगळं पाणी गोळा होतं आणि खाली कर्नाटकात हिप्परगी बंधारा आणि आलमट्टी धरण इथून ते किती वेगानं पुढे जातं यावर सगळं अवलंबून असतं. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं मुख्य खापर आलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी आणि नदीकाठच्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. आलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याला महाराष्ट्राचा विरोध आहे आणि तो वाद संपलेला नाही. माझं मत विचाराल तर धरणाबद्दल मोर्चा जरूर काढा, पण घराच्या विम्याचा निर्णय त्या वादाच्या निकालावर टांगून ठेवू नका.

आपला पूर आणि चिपळूणचा पूर यात फरक काय?

वेळेचा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी काही तासांत चढलं, लोकांना गाडी हलवायला सवड मिळाली नाही. आपल्याकडे पाणी दमानं येतं, दिवसभर बघत बसावं लागतं. आणि आलं की मुक्कामाला येतं. २०१९ ला कित्येक घरं आठवडाभर पाण्यात होती. म्हणून आपल्याकडे सामान वाचवायला वेळ मिळतो, भिंती मात्र वाचत नाहीत. विमा घेताना हे लक्षात हवं: घराच्या बांधकामाचा विमा आधी, सामानाचा नंतर.

पेपरात ‘राजाराम बंधारा ४१ फूट’ असं येतं. त्यावरून माझ्या घराचं काय कळतं?

नुसत्या त्या आकड्यावरून काहीच नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आयर्विनवर इशारा ४०, धोका ४५. हे फूट त्या जागच्या मोजपट्टीवरचे, तुमच्या अंगणातले नव्हेत. ते जोडायचं काम तुम्हालाच करावं लागतं, आणि ते सोपं आहे.

एक वही करा. पुढच्या पावसाळ्यात लिहून ठेवा: नदीकाठच्या मळीतली पाण्याची मोटर काढली तेव्हा पट्टीवर किती फूट होतं, गावाचा रस्ता बंद झाला तेव्हा किती, मागच्या परसात पाणी दिसलं तेव्हा किती. वडीलधाऱ्यांना विचारून मागच्या पुरांचे आकडे त्याच वहीत घाला. दोन-तीन वर्षांत तुमच्या घराची स्वतःची इशारा पातळी तयार होते. आमच्याकडे जुनी माणसं ‘वाडीला (नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात) दक्षिणद्वार झालं’ असं कानावर आलं की मोटारी काढायला पळतात. दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहून दक्षिण दारातून बाहेर पडतं, भाविकांसाठी तो सोहळा, शेतकऱ्यासाठी ती मोजपट्टी.

घर बुडण्याआधी रस्ता बुडतो. बाहेर पडण्याचा निर्णय रस्त्याच्या आकड्यावर घ्यायचा, उंबऱ्याच्या नव्हे. ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटली. शेवटच्या क्षणी नावेत बसायची वेळ येऊ नये यासाठीच ही वही.

निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय?

जलसंपदा विभाग नदीकाठच्या नकाशावर दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचतो ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तिथे नवं बांधकाम करायचं नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, तिथे अटींवर बांधता येतं. मुख्य अट जोत्याची: लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट वर.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत. २००५, २०१९, २०२१ पाहिलेल्या माणसाला तर ते ऐकून हसू येईल. त्याचा अर्थ असा की दर वर्षी शंभरात एक शक्यता. काल पूर येऊन गेला म्हणून उद्याची शक्यता कमी होत नाही. हिशेब मांडला तर लाल रेषेवरच्या घरात ३० वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के निघते. निळ्या रेषेवरच्या घरात तीच ७० टक्के. घरासाठी कर्ज काढताना आपण २०-३० वर्षांचाच विचार करतो ना? मग पुराचाही तेवढ्याच काळाचा करावा.

घर निळ्या रेषेच्या आत आहे. विमा मिळेल का?

जुनं, परवानगी असलेलं घर असेल तर विचारायला हरकत नाही. कंपनी प्रीमियम वाढवेल, पाहणी करेल किंवा नकार देईल, पण तुम्ही मागचे पूर लपवू नका. अर्जात ‘पूर्वी पुरानं नुकसान झालं आहे का’ असा प्रश्न असतो. काही एजंट सवयीनं ‘नाही’वर टिक करतात. सही तुमची असते, एजंटची नाही, आणि दाव्याच्या वेळी तोच कागद समोर येतो. रेषेच्या आत नवीन बांधायचा विचार करत असाल तर विम्याचा प्रश्न नंतरचा. आधी बांधू नका.

पूर आला की सरकार मदत देतंच. मग वेगळा विमा कशाला?

मदत मिळते, ती घ्यायचीही. पण आकडे बघा. २०२२-२३ ते २०२५-२६ साठी केंद्रानं आपत्ती मदतीचे जे निकष ठरवले त्यात पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये. अंशतः पडलेल्या, म्हणजे किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. गोठ्याला ३,०००. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००, तेही घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर. राज्य सरकार कधी यात भर घालतं. २०१९ ला ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये दिले होते. पण दर वेळी तेवढंच मिळेल याचा भरवसा नाही.

आता हिशेब करा. घराची एक भिंत गेली, फरशी उखडली, वायरिंग गेलं, दारं फुगली. गवंडी हा खर्च लाखात सांगतो आणि पंचनाम्यात तो ‘अंशतः’ या रकान्यात बसतो. सरकारी मदत माणूस उभा राहावा म्हणून असते, घर उभं राहावं एवढी ती नसते. यात तलाठ्याचा दोष नाही. (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात.) त्यांना जो रकाना दिलाय तोच ते भरतात.

बँकेत वर्षाला २० रुपये कापतात, तो घराचा विमा आहे का?

नाही. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी २ लाखांपर्यंत, वय १८ ते ७०. पुरात बुडून मृत्यू झाला तर कुटुंबानं या योजनेत दावा जरूर करावा, बरेच जण विसरतात. घराच्या विटेला मात्र त्यातून एक पैसा मिळत नाही. ४३६ रुपयांचा कापला जातो तो जीवन विमा, त्याचंही तसंच.

गृहकर्ज घेताना विमा काढला होता. तो पुरे ना?

पॉलिसी काढून बघा. दहापैकी बऱ्याच जणांकडे निघतो तो कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा जीवन विमा. घराचा विमा असलाच तर तो अनेकदा कर्जाच्या रकमेएवढाच असतो. कर्ज उरलंय ३ लाख आणि घर बांधायला आज लागतील १५ लाख, तर मधली दरी तुमची. कर्ज फिटलं की पुढे तोही बंद पडतो, आणि ते कुणी सांगत नाही.

घराच्या विम्यात पूर आपोआप येतो का?

‘भारत गृह रक्षा’ या पॉलिसीत येतो. विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर एकच. आग, वीज, वादळ, पूर, पाणी तुंबणं, भूकंप, दरड कोसळणं, जमीन खचणं, सगळं मूळ पॉलिसीतच. आपल्या कामाच्या काही गोष्टी त्यात आहेत ज्या एजंटही सांगत नाहीत:

घराचा विमा घेतला की घरातलं साधारण सामान आपोआप धरलं जातं, घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. वेगळी यादी द्यावी लागत नाही. कुंपणभिंत, पाण्याची टाकी, आवारातली इतर घरगुती बांधकामंही घराच्या व्याख्येत येतात. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडे राहायचं भाडं मर्यादेत मिळतं. आणि पुरामुळे घर सोडून गेलात तर पूर आल्यापासून सात दिवसांच्या आत, त्याच कारणानं झालेली चोरीसुद्धा धरतात. २०१९ ला छावणीतून परत आल्यावर ज्यांना कुलपं तुटलेली दिसली त्यांना याचं मोल कळेल.

जुनी पॉलिसी नूतनीकरण करत आला असाल तर मात्र ती नीट वाचा. स्वस्त व्हावी म्हणून पूर-वादळाचं संरक्षण वगळलेल्या जुन्या अग्निविमा पॉलिसी मी स्वतः पाहिल्यात.

विम्याची रक्कम किती ठेवायची?

आज तेच घर पुन्हा बांधायला जितका खर्च येईल तितकी. जागेची किंमत त्यात धरायची नाही, कारण जागा वाहून जात नाही. बाजारभाव धरायचा नाही, आणि रेडी रेकनरचा सरकारी दरही नाही. चटई क्षेत्र (भिंती सोडून आतली जागा) गुणिले तुमच्या गावातला आजचा बांधकामाचा दर, हा हिशेब. समजा घर ८०० चौरस फुटांचं आणि गवंडी साहित्यासह फुटाला १,८०० सांगतो, तर १४ लाख ४० हजार. त्यावर सामानाला आपोआप २ लाख ८८ हजार.

प्रीमियम वाचावा म्हणून लोक रक्कम निम्मी लिहितात. ‘भारत गृह रक्षा’त कमी रक्कम लिहिली म्हणून दाव्यात प्रमाणशीर कपात होत नाही हे खरं, पण घर पूर्ण गेलं तर मिळणार लिहिलेलीच रक्कम. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची घेता येते आणि दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. आपल्यासाठी लांब मुदतीचीच बरी. दर वर्षी नूतनीकरण विसरण्याची जोखीम जाते, आणि मोठ्या पुरानंतरच्या वर्षी कंपन्या दर चढवतात तेव्हा तुम्ही आधीच्या दरात असता.

आमचं घर मातीचं, भेंड्याचं (कच्च्या विटांचं) आहे. त्याचा विमा होतो?

होऊ शकतो. विम्याच्या भाषेत ‘कच्चं बांधकाम’ म्हणजे गवत, बांबू, फळ्या, ताडपत्री असल्या भिंती किंवा छप्पर. मातीच्या जाड भिंती आणि वर पत्रा किंवा कौलं असतील तर ते आपोआप त्या व्याख्येत जात नाही. पण अर्जात भिंत आणि छप्पर कशाचं ते जसं आहे तसं लिहा आणि कंपनीनं ते मान्य केल्याचं पॉलिसीच्या पत्रकावर छापून आलेलं पाहा.

मातीच्या घराचा एक दगाफटका सांगायलाच हवा. ते पाण्यात असताना पडत नाही, पाणी उतरल्यावर पडतं. आठवडाभर भिजलेली भिंत पाण्याच्या आधारानं उभी असते, पाणी गेलं, चार दिवस कडक ऊन पडलं की पोट फुगवते आणि एका रात्रीत बसते. म्हणून पाणी ओसरल्याच्या आनंदात त्याच रात्री आत झोपायला जाऊ नका. आणि पंचनामा आधी ‘अंशतः’ म्हणून झाला असेल, भिंत नंतर पडली, तर गप्प बसू नका. लगेच फोटो काढा, लेखी अर्ज द्या, विमा कंपनीलाही दुसऱ्यांदा कळवा.

गोठा, म्हशी, मोटर, ट्रॅक्टर, ऊस?

घराचा विमा एवढ्या सगळ्याला पुरत नाही. जनावरांचा विमा वेगळा, कानात बिल्ला लागतो आणि बिल्ला हरवला की दावा अडकतो. गोठा पॉलिसीच्या पत्रकावर नावानिशी लिहून घ्या. ट्रॅक्टर आणि गाडीला सर्वसमावेशक विमा असेल तर पुराचं नुकसान मिळतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. बुडालेली गाडी चालू करून बघायचा मोह आवरा, इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान बऱ्याचदा नाकारतात. ऊस राज्यातल्या खरीप पीक विम्याच्या पिकांत नाही. नदीकाठी सगळा ऊसच, त्यामुळे पीक विम्याच्या भरवशावर आपण राहूच शकत नाही.

पडवीत किराणा दुकान आहे, मागे दोन यंत्रमाग आहेत.

तो धंद्याचा माल झाला. घराच्या पॉलिसीत बसत नाही. ५ कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्या छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे, ती वेगळी घ्या. घराच्या अर्जात मात्र पडवीत दुकान आहे हे सांगून टाका.

विमा कधी काढावा?

उन्हाळ्यात. प्रीमियम जमा झाल्याशिवाय विमा सुरू होत नाही हा कायदाच आहे, आणि पाणी इशारा पातळीवर असताना कुठली कंपनी नदीकाठच्या घराची पॉलिसी देईल? माझ्या ओळखीतल्या एकानं जुलैत अर्ज दिला. कंपनीनं आधी घराची पाहणी करू म्हटलं. पाहणीला माणूस येईपर्यंत रस्ता बंद.

घर गावठाणात आहे, कागद फक्त नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरनोंदीचा) उतारा. चालेल?

विमा कंपनीला घरात तुमचा हितसंबंध असल्याचा पुरावा हवा असतो. नमुना ८, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, आणि गावठाणातल्या घरांच्या मोजणीच्या स्वामित्व योजनेत मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक. रानातल्या वस्तीच्या घराला सातबारा आणि त्यावर किंवा ग्रामपंचायतीत घराची नोंद. उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर पॉलिसी काढण्याआधी वारस नोंद करून घ्या. तीन भावांच्या सामाईक घरात एका भावानं काढलेला विमा दाव्याच्या वेळी भांडणाचं मूळ होतो. तिघांची नावं घाला.

पाणी उतरलं. पहिलं काम काय?

मीटरवरचा मुख्य स्विच बंद आहे ना ते बघा, काठीनं कोपरे आणि पलंगाखाली तपासा. पुराबरोबर साप येतात. मग झाडू हातात घेण्याआधी मोबाईल घ्या.

आपली माणसं शिस्तीची. घरात चिखल दिसला की बायका पदर खोचून आणि मुलं पाईप घेऊन दोन तासांत घर लख्ख करतात. आणि तिथेच पुरावा धुऊन जातो. आधी प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. रेषेशेजारी टेप धरून फोटो घ्या. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप यांच्यामागचे मॉडेल क्रमांक टिपा. भिजलेल्या गाद्या, धान्य ठेवता येत नाही, वास सुटतो, म्हणून फोटो आणि शेजाऱ्याची साक्ष घेऊन टाकून द्या. पण फुगलेली दारं, कपाटं, मशिनं सर्वेअर (नुकसान मोजायला कंपनीनं पाठवलेला माणूस) पाहून जाईपर्यंत आवारात ठेवा. गवंडी, सुतार, वायरमन यांचं खर्चाचं अंदाजपत्रक लेखी घ्या.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि मिळालेला दावा क्रमांक वहीत लिहा. दाव्याचा फॉर्म नुकसान दिसल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या, ती दोन्हीकडे लागते.

सरकारी मदत घेतली तर विमा बुडतो का?

नाही. अनुदान ही मदत, विमा हा करार. मात्र पंचनाम्यात एक आणि दाव्यात दुसरंच चित्र उभं करू नका.

सर्वेअरनं फारच कमी रक्कम लावली. आता?

आधी अहवालाची प्रत मागा. कशाला किती धरलं ते कळल्याशिवाय भांडण हवेत होतं. गळक्या छताची जुनी ओल त्यानं पुरात धरली नसेल तर ते बरोबर आहे, पण फरशीखालची भर वाहून गेलेली त्यानं पाहिलीच नसेल तर तिथे बोट ठेवा. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, आपल्या भागासाठी पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, आणि कंपनीच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. विमा नियामकाचा तक्रारीसाठीचा फोन क्रमांक १५५२५५.

आम्ही भाडेकरू आहोत.

फक्त सामानाचा विमा घेता येतो. भिंती घरमालकाच्या, फ्रिज तुमचा.

दागिने?

साधारण सामानात येत नाहीत. मौल्यवान वस्तूंचं संरक्षण वेगळं मागावं लागतं, मूल्यांकनासह. खरं तर पावसाळ्यात ते बँकेच्या लॉकरमध्ये बरे, पण आधी बँकेची शाखा कोणत्या मजल्यावर आहे ते बघा!

मी पुण्यात नोकरीला, आईवडील गावी. विमा मी काढू शकतो?

पॉलिसी घर ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या नावानं निघावी, म्हणजे वडिलांच्या. पैसे तुम्ही भरा. अर्जात संपर्कासाठी वडिलांच्या नंबरसोबत तुमचाही द्या, कारण पुरात गावचं नेटवर्क आणि वीज दोन्ही जातात आणि कंपनीचा फोन नेमका तेव्हाच येतो. मे महिन्यात गावी जाल तेव्हा घराचा आतून-बाहेरून व्हिडिओ काढून आणा: भिंती, फरशी, कपाट उघडून आतलं सामान, गोठा, बोअरचा पंप. पॉलिसी, नमुना ८ आणि आईवडिलांच्या बँक पासबुकाचं पहिलं पान याच्या प्रती पुण्यातल्या घरात ठेवा. आणि राजाराम बंधाऱ्याचा कोणता आकडा आला की त्यांना गाडीत बसवायचं, हे वडिलांशी आत्ताच ठरवून घ्या. त्या दिवशी फोनवर ते ‘अजून लांब आहे पाणी’ असंच म्हणणार आहेत.